मशीन मध्येच का थांबते?



आमचे पळसदेव हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. तालुका इंदापूर. जुने पळसदेव भीमेच्या काठी होते. पुढे उजनीचे धरण झाले. 1980 साली ते पुरे झाले. जुने गाव पाण्याखाली गेले, आणि माणसे वर येऊन राहिली. पळसनाथाचे देऊळ मात्र तिथेच राहिले. धरण भरले की देऊळ पाण्यात जाते. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले, म्हणजे आधी शिखर दिसते, मग देऊळ दिसते. लांबलांबची माणसे ते पाहायला येतात.

जुने गाव होते तेव्हा आम्ही शाळकरी पोरे होतो. आमच्या आया-बहिणी धुण्याची बोचकी डोक्यावर घेऊन नदीला जात. कपडे दगडावर आपटायचे, वाहत्या पाण्यात खंगाळायचे, आणि भिजलेली वाकळ दोघींनी दोन टोके धरून पिळायची. हात सोलून निघत. पाठ धरे. पण याला कोणी काम म्हणत नसे. "बाई धुणं घेऊन गेली," एवढेच म्हणत.

आता गावात पुष्कळ घरी धुण्याचे मशीन आले आहे. कोणाकडे अर्धे हाताने चालणारे आहे, कोणाकडे आपोआप चालणारे. मशीन आले याचा आम्हाला आनंद वाटतो. पण मशीन आले म्हणजे त्याच्या खोड्याही आल्या. त्यातली सर्वांत मोठी खोडी ही, की ते मध्येच थांबते. कपडे साबणाच्या पाण्यात, पाणी मशीनमध्ये, आणि मशीन गप्प! अशा वेळी काय करावे, ते या पाठात पाहू या.

झाले ते असे

आमच्या साक्षरता वर्गात एक बाई येत असत. वय पंचेचाळीसच्या आसपास. बचत गटाचे कर्ज काढून त्यांनी मशीन घेतले. आपोआप चालणारे, वरून झाकण उघडणारे. हप्ते अजून चालू होते. एके दिवशी सकाळी त्या धावत आमच्याकडे आल्या.

"गुरुजी, मशीन मधीच थांबलंय बघा. कापडं तशीच आत हायती. जरा येता का?"

आम्ही गेलो. आम्ही मॅट्रिक झालेले. सारा जन्म शाळेत गेला, शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आपल्याला सगळे कळते, असे आम्हाला वाटत होते. आम्ही सरळ झाकण उघडले आणि ओल्या कपड्यांत हात घातला. त्याबरोबर कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. हात झटकला म्हणून वाचलो. भिंतीतला प्लग तसाच होता, आणि बटणही चालूच होते! त्या बाईंनी पदराला हात कोरडे केले, बटण बंद केले आणि प्लग काढला. शिकवणारे आम्ही, पण त्या दिवशी शिकलो आम्हीच.

बाईंचे मालक दारात उभे होते. ते म्हणाले, "तरी मी म्हणत व्हतो, कशाला पायजे हे खूळ? हात न्हाईत का धुवायला?"

बाई काही बोलल्या नाहीत. कपडे बादलीत काढले आणि न्हाणीच्या दगडावर धुवायला बसल्या.

दुपारी वायरमन आला. त्याने बोर्ड उघडून पाहिला. अर्थिंगची तार सुटलेली होती. ती त्याने घट्ट जोडली. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता, त्यात पाणी ओतले. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून एक कारागीर आला. त्याने झाकण उघडले, बंद केले, दोन बटणे दाबली आणि सांगितले, "बोर्ड गेलाय. साडेचार हजार पडतील." साडेचार हजार! बाईंचा चेहरा उतरला. मालक म्हणाले, "विकून टाका."

त्या संध्याकाळी बाई वर्गाला आल्या, त्या एक पुस्तिका घेऊन. मशीनबरोबर मिळालेली ती पुस्तिका कपाटावर पिशवीत तशीच पडली होती.

"गुरुजी, यातलं इंग्रजी आपल्याला येत न्हाई. पण मागं हिंदी बी हाय. हिंदीची अक्षरं म्हंजे आपलीच की!"

त्यांनी अक्षराखाली बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. एक ओळ वाचायला बराच वेळ लागे. आम्ही मध्ये बोललो नाही. 'मशीन थांबले तर' असे एक पान होते. त्यात लिहिले होते, की पाणी येत नसेल तर नळ पाहावा, पाइपला पीळ पडला आहे का पाहावे, आणि जाळी साफ करावी. बाई तिथे थांबल्या. मग म्हणाल्या:

"गुरुजी, पहिलं पाणी आलं व्हतं. साबणाचं धुणं झालं. ते पाणी भाईर बी गेलं. दुसरं पाणीच आलं न्हाई! तिथंच थांबलं ते."

वाचकहो, हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. आम्हाला सुचले नाही, आणि कारागिराने विचारले नाही, ते या बाईंनी सांगितले. मशीन कुठे थांबले, ते त्यांनी पाहिले होते.

सकाळी आम्ही दोघेतिघे पुन्हा गेलो. आधी प्लग काढला. मग नळ बंद केला. मशीनच्या मागे पाण्याचा पाइप असतो, त्याचा आटा फिरवून पाइप सोडवला. पाइप जिथे बसतो तिथे बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते. ती शेवाळाने आणि गाळाने लिंपून गेली होती. बाईंनी दात घासायच्या जुन्या ब्रशाने ती घासली. पाइप पुन्हा बसवला, नळ सोडला, प्लग लावला. मशीनमध्ये सर्रकन पाणी पडू लागले. घरात कोणीच बोलले नाही. मालक हळूच टोपी घालून बाहेर गेले.

बोर्डाला काहीच झालेले नव्हते.

शेतातली मोटर आणि घरातले मशीन

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही पुरुषमंडळींना विचारले, "धरणाच्या पाण्यावर तुमची मोटर आहे. बटण दाबले आणि पाणी आले नाही, तर काय करता?"

उत्तरे भराभर आली.

"आधी लाइट हाय का बघायचं."

"तिन्ही फेज हायत का बघायचं."

"स्टार्टर, फ्यूज बघायचा."

"मोटर चालतीय आन् पाणी न्हाई, तर फुटव्हॉलला शेवाळ धरलं आसंल. न्हाईतर धरणाचं पाणी मागं सरलं आसंल, पाइप उघडा पडला आसंल."

बघा, कोणीही पहिल्याच झटक्याला मोटर उपसून रिवाइंडिंगला नेत नाही. आधी बाहेरचे पाहतो, मग आतले. आधी फुकटचे पाहतो, मग पैशाचे. हीच रीत घरातल्या मशीनला लावायची. शेतकऱ्याला नवीन काहीच शिकायचे नाही. मशीनची जाळी म्हणजे मोटरचा फुटव्हॉलच म्हणा ना!

मशीनची पाच कामे

आपोआप चालणारे मशीन पाच कामे ओळीने करते.

1. पाणी घेणे.
2. कपडे घुसळणे.
3. घाण पाणी सोडणे.
4. पुन्हा पाणी घेऊन खंगाळणे. हे एकदा किंवा दोन-तीनदा होते.
5. जोरात फिरून कपडे पिळणे.

एक काम पुरे झाल्याशिवाय मशीन पुढच्या कामाला हात लावत नाही. पाणी भरले नाही तर ते घुसळत नाही. पाणी गेले नाही तर ते पिळत नाही. मग ते उभे राहते. दिवा लुकलुकतो, शिटी वाजते, किंवा काचेवर एखादे अक्षर नाहीतर आकडा दिसतो. आपण म्हणतो, मशीन बिघडले. पुष्कळदा ते बिघडलेले नसते. ते कशाची तरी वाट पाहत असते. कशाची वाट पाहते आहे, ते ओळखले की निम्मे काम झाले.

काचेवर अक्षर किंवा आकडा दिसला, तर तो आधी कागदावर उतरून घ्या. तसाच्या तसा काढा. प्रत्येक कंपनीची खूण निराळी असते. तिचा अर्थ पुस्तिकेत दिलेला असतो. प्लग काढल्यावर ती खूण पुसून जाते, म्हणून आधी लिहायची.

पाणी घेताना थांबले तर

नळ पुरा उघडा आहे का? टाकीत पाणी आहे का? पाइप मशीन आणि भिंत यांच्यामध्ये चेंगरला आहे का? हे आधी पाहावे.

मग पाण्याचा जोर पाहावा. टाकीतले पाणी नळाहून जितके उंच, तितका त्याला जोर. दहा मीटर उंचीला सुमारे एक किलोचा दाब, हा हिशेब ठिबकवाल्या शेतकऱ्याला पाठ असतो. टाकी नळाहून दोनच मीटर उंच असेल, तर दाब 200 ग्रॅम भरला. एवढ्यावर काही मशिनी नीट भरत नाहीत. किती दाब हवा, ते पुस्तिकेत असते. ठरावीक वेळेत पाणी भरले नाही, तर मशीन थांबते. सकाळी टाकी भरलेली असताना पहिले पाणी येते. मग घरात आंघोळी होतात, टाकी खाली जाते, आणि खंगाळायच्या पाण्याला जोर राहत नाही. त्या बाईंच्या घरी जाळी आधीच तुंबलेली होती, त्यात टाकी उतरली. म्हणून पहिले पाणी आले आणि दुसरे अडले.

जाळी महिन्यातून एकदा धुवावी. पाणी गढूळ असेल तर पंधरा दिवसांनी धुवावी. जाळी नको म्हणून काढून मात्र टाकू नये. ती काढली तर गाळ आतल्या व्हॉल्व्हमध्ये जाईल, आणि मग खरोखरच खर्च निघेल.

बोअरचे पाणी मचूळ असले, तर त्यातला क्षार आत धरतो. चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो, तसाच. अशा पाण्यात साबण फेसाळत नाही, त्याचा साका होतो. मग आपण आणखी पावडर टाकतो, आणि तिचा चिकटा आत साठत जातो. टाकीत वापरायला गोडे पाणी मिळत असेल, तर मशीनला ते द्यावे.

घुसळताना थांबले तर

इथे तीन कारणे मुख्य.

पहिले कारण, झाकण. झाकण नीट लागले नसेल तर मशीन चालत नाही. हात आत जाऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. झाकणाच्या फटीत बाही अडकली असेल, तरी मशीन थांबते. समोरून दार असलेल्या मशीनचे दार थांबल्यावरही एक-दोन मिनिटे उघडत नाही. ते ओढून तोडू नये. थोडे थांबावे.

दुसरे कारण, जादा कपडे. मशीनवर 'सात किलो' लिहिलेले असते. ते सात किलो कोरड्या कपड्यांचे. आपण अंदाजाने कोंबतो. एकदा कपडे वजनकाट्यावर टाकून पाहा, म्हणजे हाताला अंदाज येईल. कपडे पाण्यात मोकळे फिरले पाहिजेत. हात आत घालायला वर जागा राहिली नाही, तर ते जादा झाले असे समजा. वाकळ मशीनमध्ये टाकूच नये.

तिसरे कारण, कमी दाबाची वीज. संध्याकाळी गावात सगळीकडे वीज वापरली जाते. पंखा संथ फिरू लागतो. घरातली वीज 230 व्होल्टची असावी लागते. ती फार उतरली, तर मशीन घूंऽऽ असा आवाज करते, पण फिरत नाही. असे झाले तर ताबडतोब बंद करा. अडकलेला बैल मारून चालत नाही, तशी अडकलेली मोटर वीज देऊन फिरत नाही. ती नुसती तापते आणि शेवटी जळते. वीज नीट आल्यावर, पंखा नेहमीसारखा फिरू लागल्यावर, मशीन लावावे.

पाणी सोडताना थांबले तर

आमच्या गावात या जागी फार चुका होतात. कारण आपण हौशी माणसे! सांडपाणी वाया जाऊ नये, म्हणून मशीनच्या पाइपाला दुसरा पाइप जोडतो आणि तो परसातल्या नारळाच्या आळ्यापर्यंत नेतो. हेतू चांगला. पण पाइप लांबतो, मध्ये वर चढतो, कुठेतरी त्याला पीळ पडतो, आणि पाणी जात नाही. मशीन वाट पाहत बसते.

इथे आपल्या मशीनची जात ओळखावी. काही मशिनींत पाणी आपल्या वजनाने खाली वाहून जाते. त्यांचा पाइप जमिनीवरच ठेवावा, वर चढवू नये. काही मशिनींत पाणी पंपाने फेकले जाते. त्यांचा पाइप पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवर अडकवावा. तो खाली टाकला तर उलटी गंमत होते. ट्रॅक्टरच्या टाकीतले डिझेल नळीने ओढून काढताना तुम्ही पाहिले असेल. एकदा धार लागली की ते आपोआप खाली वाहत राहते. तसेच मशीनमधले पाणी एकीकडून भरते आणि दुसरीकडून जाते. मशीन भरतच राहते आणि मग थांबते. म्हणून पाइपाचे टोक गटाराच्या पाण्यात बुडवून ठेवू नये. गाळ वर चढतो, तो निराळाच.

समोरून दार असलेल्या पुष्कळ मशिनींना खाली एका कोपऱ्यात लहान झाकण असते. त्याच्या आत पंपाची गाळणी असते. ती महिन्यातून एकदा साफ करावी. आधी प्लग काढावा. पाणी गरम असेल तर निवू द्यावे. खाली परात ठेवावी. मग झाकण हळूहळू फिरवावे, पाणी थोडे थोडे येऊ द्यावे. आत काय काय सापडते! नाणे, सदऱ्याचे बटण, केसाची पिन, तंबाखूच्या पुडीचा कागद. म्हणून कपडे टाकण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करावा. एक रुपयाचे नाणे पंप अडवते, आणि पंपाला शेकडो रुपये पडतात.

पिळताना थांबले तर

बैलगाडीत सगळी पोती एका बाजूला टाकली तर काय होते? गाडी कलते. मशीनचेही तसेच. एकच जाड चादर किंवा एकच मोठा टॉवेल टाकला, तर तो पाणी पिऊन जड होतो आणि एका बाजूला गोळा होऊन बसतो. मशीन फिरायला लागते, धडधडते, थांबते. पुन्हा पाणी घेऊन कपडे सारखे करू पाहते. नाही जमले तर थांबून राहते. प्लग काढून कपडे हाताने सोडवावेत आणि चारी बाजूंना पसरावेत. एकटे जड कापड असेल, तर जोडीला दोन-चार कपडे टाकावेत.

मशीन सपाट जागी आहे ना, तेही पाहावे. आपल्या न्हाणीची शहाबादी फरशी पाणी वाहावे म्हणून मुद्दाम उताराची केलेली असते. मशीन तिथे ठेवले की ते कलते. वर वाटीभर पाणी ठेवून पाहा. पाणी एका काठाला आले, तर मशीन कललेले आहे. मशीनच्या खालचे पाय फिरवून ते वरखाली करता येतात. विटेचा तुकडा सरकवू नका. तो धक्क्याने निसटतो.

फार फेस झाला तरी मशीन पिळायला लागत नाही. फेस बसण्याची ते वाट पाहते. पावडर बेताने टाकावी, आणि आपल्या मशीनसाठी सांगितली असेल तीच टाकावी.

थांबलेले नसते, तरी थांबल्यासारखे वाटते

काही वेळा मशीन गप्प असते, पण काम चालू असते. कपडे भिजत ठेवायचे बटण दाबले असेल, तर ते बराच वेळ स्वस्थ राहते. काही मशिनी पाणी तापवतात, तेव्हाही आवाज फारसा येत नाही. पोराने खेळताना एखादे बटण दाबले, तर सारी बटणे बांधली जातात. मुलांनी छेडू नये म्हणून ठेवलेले ते कुलूप असते. ते कसे काढायचे, ते पुस्तिकेत सापडते.

वीज गेली आणि आली, तर काही मशिनी सोडले तिथून पुढे चालतात, काही चालत नाहीत. अशा वेळी सगळे पहिल्यापासून लावू नका. साबणाचे काम झाले असेल, तर फक्त खंगाळणे आणि पिळणे एवढेच लावता येते. पहिल्यापासून लावले तर तितकेच पाणी पुन्हा जाते. धरणाच्या काठी राहूनही उन्हाळ्यात पाण्याचे मोल आपल्याला ठाऊक आहे.

जिवापेक्षा धुणे मोठे नाही

आमच्या हाताला झिणझिण्या आल्या, तेवढ्यावर निभावले. सर्वांचेच निभावेल असे नाही. पाणी आणि वीज जिथे एकत्र येतात, तिथे फार जपावे.

मशीनला हात लावण्याआधी बटण बंद करा आणि प्लग काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी. प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती तोडून दोन पिनांवर मशीन कधीही चालवू नका. अर्थिंगची तार जोडलेली आहे का, ते वायरमनकडून वर्षातून एकदा तपासून घ्या. खड्डा उन्हाळ्यात ओला ठेवा. गळकी वीज दिसताच तोडणारा एक खटका बोर्डात बसवता येतो. घरासाठी तो 30 मिलिअँपिअरचा बसवतात. वायरमनला तसे सांगा. मशीनच्या एका कपड्याच्या हप्त्यात तो येत नाही हे खरे, पण माणसाच्या जिवापुढे तो स्वस्त आहे.

मशीनला हात लावून जरा जरी झिणझिण्या आल्या, तरी ते चालवू नका. "थोडंसंच येतंय" असे म्हणू नका. अर्थिंग नीट होईपर्यंत धुणे हाताने धुवा.

अर्ध्या हाताने चालणाऱ्या मशीनमध्ये पिळायचा भाग वेगळा असतो. तो फिरायचा पुरता थांबल्याशिवाय आत हात घालू नका. कपडा बोटांना गुंडाळला तर बोटे जातात.

आपण कुठे थांबावे?

नळ, जाळी, पाइप, गाळणी, झाकण, कपड्यांचा भार, वीज. एवढे आपण पाहावे. मागचा पत्रा खोलू नये. आत कपॅसिटर असतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. पट्टा तुटणे, कपॅसिटर जाणे, मोटर जळणे, बोर्ड जाणे, ही कामे जाणत्या कारागिराची. जळका वास आला, ठिणगी दिसली किंवा खालून पाणी गळू लागले, तर प्लग काढून त्याला बोलवावे.

पण बोलावताना आपण अडाण्यासारखे उभे राहू नये. मशीन कोणत्या कामाला थांबले, कोणती खूण दिसली, आपण काय काय पाहिले, हे त्याला सांगावे. शहाणा कारागीर याने खूश होतो, कारण त्याचे निम्मे काम होते. वॉरंटीचा कागद आणि बिल जपून ठेवावे. मुदतीत असेल तर आधी कंपनीला कळवावे. काढलेला जुना भाग मागून घ्यावा. पैशाची पावती घ्यावी. कोणी फसवले असे वाटले, तर ग्राहकांसाठी सरकारचा 1915 हा फोन आहे. त्यावर विचारावे.

त्या बाईंनी आता मशीनशेजारी भिंतीवर एक पुठ्ठा लावला आहे. अक्षरे त्यांच्याच हातची, थोडी वाकडी, पण ठसठशीत. परवा शेजारची सून आली आणि म्हणाली, "काकी, आमचं बी मधीच थांबलंय." काकींनी विचारले, "कुठं थांबलं? पहिल्या पाण्याला का दुसऱ्या?" आणि पुठ्ठा काढून तिच्या हाती दिला. आम्ही ओसरीवर बसून हे ऐकत होतो. आम्हाला कोणी बोलावले नाही. बरे वाटले.

पुठ्ठ्यावर लिहिले आहे ते असे. तुम्हीही वहीत उतरून घ्या.

1. आधी बटण बंद, मग प्लग काढणे. हात कोरडे.
2. कुठे थांबले? खूण लिहून घेणे.
3. पाणी येईना: नळ, टाकी, पाइप, जाळी.
4. घुसळेना: झाकण, जादा कपडे, वीज.
5. पाणी जाईना: पाइपाची उंची, पीळ, गाळणी.
6. पिळेना: कपडे एकीकडे, मशीन कललेले, फेस.
7. झिणझिण्या, वास, ठिणगी: हात लावणे नाही. वायरमन किंवा कारागीर.

विचार करा आणि लिहा

1. बाईंचे मशीन कोणत्या कामाला थांबले होते? ते त्यांनी कसे ओळखले?
2. गुरुजींची कोणती चूक झाली?
3. 'सात किलो' म्हणजे कसले सात किलो?
4. तुमच्या टाकीतले पाणी नळाहून किती मीटर उंच आहे? दाब किती भरेल, ते काढा.
5. तुमच्या घरातल्या एखाद्या यंत्राची पुस्तिका शोधा. तिचे एक पान वर्गात वाचून दाखवा.